आईची पावलं आणि बांधावरची भिंत : सांगलीतल्या एका कॉलनीची केस

ही केस एका बाईची आणि एका भिंतीची आहे. बाई म्हणजे माझी आई, वय ६४, शुगर बारा वर्षांपासून, डावा गुडघा कुरकुरतो. भिंत म्हणजे आमच्या कॉलनीच्या टोकाला असलेली, साडेपाच फुटी, सिमेंट ब्लॉकची, वर बाटल्यांच्या काचा रोवलेल्या. मी लेआउटची ड्रॉइंग काढतो, म्हणजे जमिनीचे प्लॉट आणि रस्ते कसे पाडायचे त्याचे नकाशे, पंधरा वर्षं झाली ऑटोकॅडवर, म्हणून मला यात जरा जास्तच रस आहे, आणि थोडी चूक माझीपण आहे, ती पुढं येईलच.

आमचं मूळ घर गावभागात. गावभाग म्हणजे जुनी सांगली, कृष्णेच्या काठाला लागून, बोळातनं बोळ, घराला घर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे म्हणजे बघा, तेव्हा आमचा तळमजला छतापर्यंत बुडाला. २००५ चा पूर आईनं बघितलेला होता, ती म्हणाली धुऊन काढू, काढलं. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा मात्र वडील म्हणाले आता बास. दिवाळीनंतर आम्ही कुपवाड रोडच्या बाजूला घर घेतलं, उंचावर, पुराचा काही संबंध नाही, पार्किंग आहे, हवा आहे, पुढं चिक्कूचं झाड. सगळे म्हणाले सुटलात. खरंच सुटलो, ते नाकारत नाही.

पण सात-आठ महिन्यांत आईची शुगर चढायला लागली. आधी आम्हाला वाटलं जागा बदलली, टेन्शन असेल. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि नेहमीचं वाक्य टाकलं, रोज पाऊण तास चाला. आई गप्प बसली आणि बाहेर आल्यावर गाडीवर मागं बसताना म्हणाली, "चालते की, पण जाऊ कुठं?"

माझं डोकं तिथंच अडकलं. गावभागात असताना आई एक दिवस "चालायला" म्हणून गेलेली नाही. बूट नाहीत, ट्रॅक नाही, आमराई बागेत सकाळी फेऱ्या मारणाऱ्या बायकांना ती हसायची. तरी ती तिथं ठीक होती आणि इथं बिघडली. मग तिकडं असं काय होतं?

मी काय केलं ते सांगतो, शास्त्रीय वगैरे नाही पण प्रामाणिक आहे. माझा जुना फिटनेस बँड आईच्या हातात बांधला आणि नव्या घरी आठवडाभर काढू दिला नाही. सरासरी आली १९०० पावलांच्या आसपास, त्यातली निम्मी स्वयंपाकघर ते गॅलरी. आता गावभागातला आकडा कुठनं आणायचा, तेव्हा बँडच नव्हता. म्हणून एका रविवारी तिला घेऊन गावभागात गेलो आणि म्हणालो, आई, तुझा जुना दिवस परत चाल. तिला आधी वाटलं मी चेष्टा करतोय. मग रंगात आली.

सकाळी घाटाकडं, तिथनं गणपती मंदिर, परत येताना दुधाची पिशवी. दहा वाजता मंडई, पण सरळ नाही, हिच्या बोळातनं तिच्या बोळात, मधे शिंपीणबाईकडं पिको-फॉलचं विचारून. दुपारी काही नाही. चारला गिरणी, पण दळण टाकायला एकदा आणि आणायला परत एकदा, कारण गिरणीवाला कधीच वेळेत दळून ठेवायचा नाही. संध्याकाळी मारुती चौकाकडं उदबत्ती आणि वाती आणायला, त्या संपलेल्या नसल्या तरी. हे सगळं तिच्या चालीनं, तिच्या थांब्यांसकट चाललो, बँड बघितला तर ५२०० च्या वर. एका दिवसाचा आकडा आहे आणि त्या दिवशी ती खुशीत होती, त्यामुळं जरा जास्त धरला असेल, पण अगदी चार हजार धरला तरी नव्या घराच्या दुप्पट.

आणि थांबे. ही गोष्ट पंधरा वर्षं ड्रॉइंग काढून मला दिसली नव्हती. आई शंभर-दीडशे पावलं चालते आणि थांबते. गावभागात थांबायला ओटे आहेत. जुन्या घराच्या दारापुढं तो दगडी ओटा असतो ना, दीड फूट उंचीचा, गुडघा फार न वाकवता टेकता येतो आणि परत उठता येतं, घरमालकाला विचारावं लागत नाही, आतनं कोणतरी "काय वैनी, बऱ्या हायसा का" म्हणतंच. आई तीन ओट्यांवर टेकली, दोन ठिकाणी ओळखीचं घर पुरानंतर विकलं गेलंय, तरी टेकली. आमच्या नव्या कॉलनीत एकही ओटा नाही. प्रत्येकाला पाच फुटी कंपाउंड, त्याला काळं गेट, गेटवर "कुत्र्यापासून सावध". डावा गुडघा कुरकुरणाऱ्या बाईला तिथं टेकायला जागा म्हणजे गटाराची कड.

आता भिंतीकडं येतो, पण त्याआधी आमच्या भागातले रस्ते असे का आहेत ते सांगायला पाहिजे, नाहीतर भिंत बांधणारा दुष्ट वाटेल आणि तो तसा नाहीये.

सांगलीत गुंठेवारी हा शब्द लहान पोरालापण माहीत असतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. शहर पसरायला लागलं तसं कडेच्या शेतकऱ्यांनी आपापलं रान एक-दोन गुंठ्यांनी पाडून विकलं, एनए म्हणजे बिगरशेतीची परवानगी नाही, मंजूर लेआउट नाही, मधनं बैलगाडी जाईल एवढा रस्ता सोडला की झालं. पुढं २००१ ला ही गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, म्हणजे घरं कागदावर आली. पण रस्ते जिथं होते तिथंच राहिले. आणि रस्ता कुठं संपायचा? शेतकऱ्याच्या बांधाला. कारण बांधापलीकडं दुसऱ्याचं रान. त्यानं चार वर्षांनी आपलं रान पाडलं तेव्हा त्याचा रस्ता त्याच्या सोयीनं काढला, तोपण बांधाला येऊन संपला, आणि दोन्ही रस्त्यांची तोंडं एकमेकांसमोर आलीच तर नशीब. आमच्या भागात आजही वरनं नकाशा बघितला तर रस्ते दिसत नाहीत, जुनी रानं दिसतात. ऊस गेला, बांध राहिला.

बरं, हे फक्त गुंठेवारीत होतं असंही नाही. मंजूर लेआउटमध्येपण आम्ही हेच करतो, फक्त सही-शिक्क्यानिशी. आत्ताच्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ०.४ हेक्टर आणि त्याच्यावरच्या जागेला १० टक्के ओपन स्पेस सोडावी लागते, ती आम्ही सोडतो, बऱ्याचदा प्लॉट पाडून उरलेला जो तिरका तुकडा असतो तोच तिकडं जातो. रस्ता काढताना बघतो काय, तर गाडी वळते का. माणूस पलीकडं जाईल का हे विचारायला कोण क्लायंट येत नाही. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका गट नंबरच्या जमिनीचं ड्रॉइंग काढलं होतं, त्यात रस्ता पलीकडच्या कॉलनीच्या रस्त्याला सरळ जोडता येत होता, मालक म्हणाले तिथं अर्धा प्लॉट निघतोय, बंद करा. मी बंद केला. दोन मिनिटांचं काम, रेघ ओढली.

तर आमच्या कॉलनीच्या टोकाला असाच एक बांध. अलीकडं आमची गुंठेवारी, पलीकडं एक नीट मंजूर झालेली कॉलनी, तिथं बंगले, डांबरी रस्ता, दिवे. पलीकडं दत्ताचं छोटं देऊळ आहे, डेअरी आहे, सकाळी भाजीच्या तीन-चार गाड्या लागतात, आणि त्याच्यापुढं मेन रोडवर वडाप, म्हणजे शेअर जीप-रिक्षा, मिळतं. पूर्वी बांधावरनं पायवाट होती, लोक सर्रास जायचे. मग पलीकडं दोन घरफोड्या झाल्या, त्या लोकांनी वर्गणी काढून भिंत बांधली. आम्ही राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट, म्हणजे आईनं ती पायवाट बघितलीसुद्धा नाही.

मी अंतर मोजलं. आमच्या दारापासनं डेअरी, भिंतीतनं जाता आलं असतं तर १८० मीटर. वळसा घालून जायचं तर सव्वा किलोमीटर, त्यात एमआयडीसीकडं जाणारे ट्रक, दोन ठिकाणी रस्ता ओलांडायचा. मेन रोडला फूटपाथ आहे, पण तो प्रत्येक दुकानाच्या रॅम्पला खाली उतरतो आणि परत वर चढतो, मधे विजेच्या डीपीचा डबा, पुढं पाणीपुरीची गाडी. रस्त्यांच्या मानकांत, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी नियमात, राहत्या भागात फूटपाथ १.८ मीटर मोकळा पाहिजे आणि त्याची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको असं आहे. १५० मिमी म्हणजे सहा इंच. मी टेप लावला, एके ठिकाणी ११ इंच भरले. ११ इंच आई चढत नाही. ती डांबरावरनं चालते, फूटपाथच्या कडेकडेनं, आणि मागनं ट्रक आला की थांबते. दोनदा गेली, तिसऱ्यांदा म्हणाली तूच आण की जाता-येता. मग मीच गाडीवरनं दूध आणायला लागलो आणि मला वाटत होतं मी आईची सेवा करतोय.

यावर जगात बराच अभ्यास झालाय, मला तो आमच्या डॉक्टरांमुळं नाही, कामाच्या निमित्तानं वाचायला लागला. २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा पेपर आला होता, १० देश, १४ शहरं, ६८२२ माणसं, सगळ्यांच्या कमरेला यंत्र लावून हालचाल मोजलेली. चालायला सगळ्यात सोयीच्या वस्तीतला माणूस आणि सगळ्यात गैरसोयीच्या वस्तीतला माणूस यांच्या हालचालीत आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटांचा फरक निघाला. आणि तो कशाशी जोडलेला? घरांची दाटी, चौकांची संख्या, जवळपासची बस-रेल्वे आणि बागा. चौकांची संख्या म्हणजेच आमची भिंत, रस्त्याला रस्ता मिळाला की चौक होतो, बांधाला मिळाला की होत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे नुसत्या वस्तीच्या जोरावर किमान कोट्यातला जवळपास निम्मा इकडंतिकडं होतो. आता त्या १० देशांत भारत नव्हता हेही सांगायला पाहिजे. आमच्याकडं दाटी आहेच, उलट जास्त आहे, सांगलीला कोण सांगणार नाही की अजून दाटी करा. आमचा प्रॉब्लेम दाटीचा नाही, दाटीतनं पलीकडं जायच्या वाटेचा आहे.

दुसरा एक अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. तिथं नव्या वसाहतीत राहायला जाणाऱ्या लोकांना जायच्या आधी आणि नंतर विचारलं. दुकान, पोस्ट, बसस्टॉप अशा जवळ जायच्या ठिकाणांचा एकेक प्रकार वाढला की कामानिमित्त चालणं आठवड्याला साधारण सहा मिनिटांनी वाढत होतं. सहा मिनिटं ऐकायला काहीच नाही. पण आईच्या यादीत किती ठिकाणं होती ते मोजा, घाट, देऊळ, दूध, मंडई, शिंपीण, गिरणी, उदबत्ती.

या असल्या अभ्यासांवर एक नेहमीचा आक्षेप असतो आणि तो बरोबर आहे. ज्याला चालायची आवड आहे तो चालायला चांगल्या जागीच घर घेतो, मग वस्तीमुळं चालला की आवडीमुळं? आमच्या केसमध्ये हा आक्षेप टिकत नाही, कारण आईनं काही निवडलंच नाही, कृष्णेनं निवडलं. सांगलीत अशी घरं पुष्कळ आहेत, दोन पुरांनंतर गावभागातनं उंचावर गेलेली. पाण्यापासनं वाचली, पण चालत गाठायची सगळी ठिकाणं खाली राहिली. कोणाला यावर नीट अभ्यास करायचा असेल तर करा राव, माणसं सापडतील.

भारतातला आकडा एवढा एकच सांगतो. २०२४ ला लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अंदाजाप्रमाणं २०२२ मध्ये आपल्याकडं मोठ्या माणसांपैकी जवळपास निम्मी पुरेशी हालचाल करत नव्हती, पुरुष ४२ टक्के, बायका ५७ टक्के. बायकांचा आकडा बघून लोक म्हणतात बायकांना व्यायामाचं महत्त्व कळत नाही. मला आता असलं काही ऐकलं की राग येतो.

भिंत कशी उघडली ते सांगतो, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मी आधी शहाणपणा केला. नकाशा काढला, त्यावर लाल रेघ आणि हिरवी रेघ, १८० मीटर आणि सव्वा किलोमीटर, प्रिंट मारून पलीकडच्या कॉलनीच्या तात्यांकडं गेलो. तात्या म्हणजे तिथले सगळ्यात जुने, रिटायर, सगळे त्यांचं ऐकतात. त्यांनी चहा पाजला, नकाशा बघितला, म्हणाले, "ड्रॉइंग झकास आहे. पण भिंत आम्ही हौसेनं नाही बांधली." बरोबरच आहे, ज्याच्या घरात चोर शिरला त्याला चौकांची संख्या काय सांगायची. एका कचेरीत अर्जही दिला, पोच मिळाली, आजही फाईलमध्ये आहे.

पण गिरणी आमच्या बाजूला आहे. पिठाची गिरणी आणि तिखटाचा डंक, आमच्या गल्लीत, तिसऱ्या घराच्या शेडमध्ये. पलीकडच्या बायकांना दळण घेऊन सव्वा किलोमीटर यायला लागायचं, म्हणजे त्यांच्या घरातल्या कोणाला तरी गाडी काढायला लागायची, आणि रविवारी सकाळी डबा घेऊन जायला कोण पोरगं तयार नसतं. तात्यांच्या मंडळी, त्यांना आम्ही काकू म्हणतो, त्या एकदा गिरणीवर आईला भेटल्या. दोघींचं माहेर तासगाव तालुक्यातलं निघालं, मग काय. पुढचं मला कळलंच नाही. पंधरा दिवसांनी तात्यांचा फोन, "तुमचा तो नकाशा घेऊन या जरा, आणि दार किती रुंद ठेवायचं ते बोलू."

रुंदीवर मात्र दोन मीटिंगा झाल्या. पलीकडच्यांना तीन भीती होत्या, चोर, टू-व्हीलरवाले शॉर्टकट मारणार, आणि आमच्या बाजूची कुत्री. चोरासाठी ठरलं की रात्री साडेनऊला कुलूप, पहाटे साडेपाचला उघडायचं, किल्ली त्यांच्या वॉचमनमामांकडं. गाड्यांसाठी मी आडवेतिडवे पाईप सुचवले, एक पाईप डावीकडनं, तीन फूट पुढं दुसरा उजवीकडनं, माणूस वळून जातो, पिशवी घेऊन जातो, मोटरसायकल अडकते. मोपेड पठ्ठ्यांनी पहिल्याच आठवड्यात उचलून काढून दाखवली, मग अजून एक पाईप वाढवला. त्यात एक चूक झाली माझ्याकडनं, पाईपमधलं अंतर मी आईच्या अंगावर बघून ठरवलं, पलीकडच्या एका आजोबांचा वॉकर त्यातनं जाईना, परत कापून वेल्डिंग करायला लागलं. कुत्र्यांवर कोणाकडंच उत्तर नव्हतं, ते तसंच आहे, आई हातात छत्री ठेवते.

भिंत फोडायला गवंडी अर्धा दिवस, फॅब्रिकेशन दोन दिवस, दोन्ही बाजूंनी मिळून वर्गणी काढली. एक दिवा गिरणीवाल्यानं स्वतःच्या मीटरवरनं दिला, कारण त्याचं गिऱ्हाईक वाढणार होतं, आणि वाढलं. दिव्याचा परिणाम मला वाटला होता त्यापेक्षा जास्त झाला. दार उघडून महिनाभर बायका फक्त सकाळी जायच्या, दिवा लागल्यावर संध्याकाळी सातनंतरही दोघी-दोघींनी जायला लागल्या. एकटी अजूनही क्वचितच.

आता आई. दार उघडून दोन महिन्यांनी परत बँड बांधला, आठवडाभर. सरासरी ३७०० च्या आसपास. गावभागातल्या ५२०० ला अजून पोचलेली नाही आणि मला वाटत नाही पोचेल, इथं घाट नाही आणि मारुती चौक नाही. पण १९०० वरनं ३७०० झाली, आणि त्यासाठी तिला कोणी "चाल" म्हणालेलं नाही. सकाळी दूध, देऊळ, भाजी. भाजी आता ती एका वेळी आणतच नाही, सकाळी कोथिंबीर विसरते आणि परत जाते. मला आधी वाटलं वय झालं, विसरते. विसरत नाही ती.

हे तुकड्यातुकड्याचं चालणं मोजायचं की नाही यावर पूर्वी वाद होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या सल्ल्यात सलग किमान १० मिनिटं चाललं तरच धरा असं होतं, २०२० च्या नव्या सल्ल्यात ती अट काढून टाकली, जेवढं हलाल तेवढं जमेला. त्यामुळं आईचे १८० मीटर, थांबा, परत १८० मीटर हे आता खात्यात जमा होतं. शिवाय शुगरवाल्यांनी जेवण झाल्यावर थोडं चाललं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आई रात्री जेवून देवळापर्यंत जाऊन येते, साडेनऊच्या आत, कारण कुलूप.

शुगर कमी झाली का? झाली, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी टेस्ट असते तिच्यात फरक पडला, डॉक्टर खूश. पण मी इथं हात वर करतो. मधल्या काळात गोळी बदलली होती, आईनं रात्रीचा भात सोडला होता, आणि तिला पलीकडं मैत्रिणी मिळाल्या, त्याचापण परिणाम असणारच. यातला भिंतीचा वाटा किती, औषधाचा किती, काकूंचा किती हे एका बाईवरनं काढता येत नाही. पावलांचं मात्र मी छातीठोक सांगतो, ते भिंतीमुळंच, कारण दोनदा कुलपाची किल्ली हरवली आणि दार दोन-दोन दिवस बंद राहिलं, त्या दिवशीचा बँड परत दोन हजारांवर.

ज्यांना वाटतंय की बाग करा, ओपन जिम लावा म्हणजे झालं, त्यांना थोडं सांगायचंय. बागेनं फरक पडतो, नाही पडत असं नाही. चेन्नईतल्या असियाड कॉलनीचं उदाहरण प्रसिद्ध आहे, तिथल्या लोकांना डायबेटिसच्या अभ्यासवाल्यांनी व्यायामाचं पटवून दिलं आणि लोकांनी स्वतः पैसे उभे करून पार्क केलं, आठवड्यातनं तीनपेक्षा जास्त वेळा व्यायाम करणारे १४ टक्क्यांवरनं ५९ टक्क्यांच्या आसपास गेले. पण तिथं लोकांनी स्वतः केलं, त्यांच्या पायाखाली, त्यांना पाहिजे होतं म्हणून. पलीकडच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये ओपन जिम आहे, कोणीतरी बसवून दिलेली, निळी-पिवळी. मी तिथं आठ-दहा वेळा बघितलं, सकाळी दोन काका कंबर फिरवणाऱ्या चकतीवर असतात, दुपारी त्याच चकतीवर पोरं, आणि सायकलच्या पेडलचा एक बोल्ट पहिल्या पावसाळ्यातच गेला. बायका त्या मशीनवर बसत नाहीत, साडी अडकते आणि रस्त्यावरनं दिसतं. त्या मैदानाचा वापर आता वाढलाय, पण मशीनमुळं नाही, देवळाकडं जायची वाट त्याच्या कडेनं जाते म्हणून. आई तिथल्या कट्ट्यावर टेकते. कट्टा नेमका दीड फूट उंच आहे, कोणी ठरवून केलेला नाही, पाण्याच्या व्हॉल्व्हवर बांधलेला चौथरा आहे तो.

मी कामात काय बदललं? थोडंफार. आता लेआउट काढताना बांधाकडं रस्ता संपत असेल तर तीन मीटरची पायवाट ओढून ठेवतो आणि मालकाला दाखवतो. तिघांना दाखवली, एकानं ठेवली. बाकी दोघांतल्या एकाचं म्हणणं होतं की पायवाट ठेवली की तिथं कचरा पडतो आणि रात्री पोरं प्यायला बसतात, आणि ते खोटं नाही, मी अशा पायवाटा बघितल्यात, दोन्हीकडं आठ फुटी कंपाउंड आणि मधे अंधार, तिथं दिवसापण कोण जाणार नाही. म्हणून आता आखूड आणि सरळ ठेवतो, एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसलं पाहिजे, आणि जमलं तर एका बाजूच्या घराचं स्वयंपाकघर वाटेकडं उघडेल असं बघतो. स्वयंपाकघरात कोणीतरी असतंच. दुसरा मालक मात्र सरळ म्हणाला, "तीन मीटर म्हणजे माझे किती लाख गेले ते काढ आधी." काढून दिले. त्यानं नाही ठेवली.

यंदाच्या पावसात दारापाशी पाणी साठलं. आमच्याकडची माती काळी, एकदा ओली झाली की चप्पल सोडत नाही. गिरणीवाल्यानं गटारावरच्या जुन्या दोन फरश्या आणून टाकल्या, त्यातली एक डुगडुगते, आई ती सोडून दुसरीवर पाय देते आणि मागच्या बाईला ओरडून सांगते, "डावीकडची नको गं." मी सिमेंट लावतो लावतो म्हणतोय, अजून लावलेलं नाही. आणि दाराच्या अलीकडं कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवलीय, टेकायला. चोरीला जाऊ नये म्हणून तिला सायकलची साखळी घालून पाईपला बांधलीय, किल्ली कोणाकडं आहे ते आईला माहीत आहे, मला नाही.